स्वेच्छेने सोडलेली जागा

९ जानेवारी

सकाळी सातच्या विमानात जागा एकशे ऐंशी, विकलेली तिकिटं एकशे चौऱ्याऐंशी, आणि आज नेमके सगळे आले. एरवी चार-सहा जण येतच नाहीत. कोणी झोपून राहतो, कोणी रहदारीत अडकतो, कोणाचं ऐनवेळी घरात भांडण होतं. त्या न येणाऱ्यांच्या जिवावर चार तिकिटं जास्त विकायची, ही आमच्या कंपनीची हुशारी. हेड ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातं? दाराशी शिव्या खायला आम्ही आहोतच.

माईकवर तीनदा सांगितलं की कोणी स्वखुशीने जागा सोडली तर उद्याचं तिकीट, आजचं हॉटेल आणि वर एक फुकट प्रवास. दोन कॉलेजची मुलं आली. एका जोडप्यातला नवरा आला, बायको एकटीच पुढे गेली, आणि दोघंही मला त्यामुळे खूशच दिसले. चौथा काही मिळेना.

चौथा मिळाला नाही की कोणाला तरी जबरदस्तीने ठेवून घ्यावं लागतं आणि मग पांढरा फॉर्म भरायचा. त्याच्याबरोबर प्रवाशाच्या हातात हक्कांचं पत्रक द्यायचं, भरपाई द्यायची, आणि हेड ऑफिसला कळवायचं. स्वखुशीने सोडणाऱ्याला पिवळा फॉर्म. पिवळ्याचं कोणी काही विचारत नाही. आमच्या सुपरवायझरच्या खोलीत फळ्यावर महिन्याचे पांढरे लिहिलेले असतात. अकरा महिने तिथे शून्य आहे आणि त्या शून्यात त्याचा जीव अडकलाय. आम्ही त्याला फूटपट्टी म्हणतो, कारण तो आमच्या स्कार्फच्या गाठीचीसुद्धा लांबी मोजतो.

फूटपट्टी कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, पिवळाच करा. कसा ते तुम्हाला सांगायला नको."

नकोच सांगायला. सात वर्षं कंत्राटावर हेच शिकले. माणूस एकटा बघायचा, स्वस्त तिकिटाचा, रांगेत शेवटचा, आणि मुख्य म्हणजे न ओरडणारा. ओरडणारे आधी चढतात. मागच्या महिन्यात एकाने काउंटरवर बूट काढून आपटला, त्याला खिडकीची जागा मिळाली.

आज एक काका होते. पासष्टीचे असतील, शर्टाची इस्त्री घरी केलेली, सगळ्यांना पुढे जाऊ देत देत शेवटी राहिलेले. चष्मा सामानात गेला आहे, तुम्हीच वाचून दाखवा, म्हणाले. मी फॉर्म वाचून दाखवला, त्यांनी सही केली. काहीतरी जहाजाचं सांगत होते. मी त्यांना चहा आणून दिला. हे सगळ्या जणी करत नाहीत. हॉटेलची गाडीही मीच उभी करून दिली.

विमान चार मिनिटं उशिरा सुटलं. फळ्यावर शून्य.

१२ जानेवारी

फूटपट्टीने आज खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. मला वाटलं आता कंत्राट गेलं, पण बातमी चांगली होती. मार्चमध्ये दोघींना कायम करणार आहेत आणि त्याने माझं नाव वर पाठवलंय. "तुमच्याकडे प्रवासी हाताळायची कला आहे," म्हणाला. सात वर्षांत या माणसाच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द.

घरी सांगितलं. नवऱ्याने टीव्ही बंद केला. त्याचा छापखाना सप्टेंबरमध्ये बंद पडला तेव्हापासून तो बातम्या बघतो आणि माझे युनिफॉर्म इस्त्री करतो. स्वतःहून करतो, मी कधी सांगितलेलं नाही. आज म्हणाला, "झालीस कायम की मी पण जरा मान वर करून भाजी आणायला जाईन." हसत म्हणाला, पण मला ते ऐकवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हातात कागद पडेपर्यंत कोणाला बोलू नका."

१७ जानेवारी

ते काका आज भेटीचा पास काढून बाहेरच्या चेक-इन काउंटरवर आले, आज माझी ड्युटी तिथे होती. मी ओळखलंच नाही. मागे उभे राहून त्यांनी अख्खी रांग संपू दिली आणि मग पुढे आले.

"ताई, नऊ तारखेला तुम्ही मला चहा दिला होता."

मला वाटलं आभार मानायला आलेत. नंतर कळलं काय ते. सगळं लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.

ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाळीस वर्षं दुकान आहे. जवळचं बघायचा चष्मा त्यांच्या हत्यारांच्या गुंडाळीत, पेचकसाशेजारच्या कप्प्यात राहतो, कारण त्यांना जवळचं बघायचं असतं ते फक्त मशीनमध्ये. हत्यारं विमानात हाताशी ठेवू देत नाहीत. गुंडाळी सामानात टाकली आणि चष्मा तिच्याबरोबर गेला. हत्यारं मुलीसाठी नेत होते. लहानपणी दुकानात बसून ज्या पान्यांनी ती नट फिरवायची, ते पाने.

मुलगी मालवाहू जहाजावर इंजिनाकडे काम करते. चार वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा हे म्हणाले होते, जहाजावर गेलीस तर हे घर तुला बंद. "रागाच्या भरात बोललो," म्हणाले. ती गेली आणि नंतर चार वर्षांत एक शब्द नाही. डिसेंबरात तिचा निरोप आला, तोही जहाजाच्या कंपनीमार्फत, फोन नंबर न देता: नऊ तारखेला दुपारी बारा ते रात्री आठ जहाज बंदरात आहे, यायचं असेल तर या.

ती आठ तास बंदराच्या फाटकाशी उभी होती. फाटकाबाहेर जायची परवानगी नसते त्यांना. विमानाचं काही बरंवाईट झालं का म्हणून तिने आमच्या चौकशीच्या नंबरवर फोन केला, आणि तिथल्या कोणीतरी वाचून दाखवलं: सदर प्रवाशाने स्वेच्छेने जागा सोडून मोफत प्रवासाचा लाभ स्वीकारला आहे.

"आता ती म्हणते, फुकटच्या तिकिटासाठी तुम्ही मला विकलंत," काका म्हणाले. "मी सांगितलं, मला उतरवलं. ती म्हणते, खोटं बोलू नका, मी कंपनीला विचारलंय."

मी म्हटलं, "काका, फार वाईट वाटतं. मी काय करू शकते?"

"मला भरपाई नको, काही नको. एक कागद द्या. हा माणूस आपण होऊन उतरला नाही, एवढंच लिहा त्यावर."

"तसा कागद द्यायची पद्धत नाही."

"पद्धत कोण ठरवतं?"

"वरचे."

"ते कुठे बसतात?"

मी त्यांना तक्रारीच्या फॉर्मवरचा पत्ता दाखवला. आज चष्मा होता. त्यांनी तो लावला आणि पत्ता हळूहळू वहीत उतरवून घेतला. माझं नाव विचारलं नाही. माझ्या छातीवर पाटी होती, पण तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि याचं मला बरं वाटलं.

१८ जानेवारी

जेवताना गोष्ट काढली. नवरा म्हणाला, "बिचारा. पण यात तुझा काय दोष? तिकिटं काय तू विकलीस?" अगदी हेच मला ऐकायचं होतं.

सासूबाई ताटात बघत म्हणाल्या, "त्याला ठाऊक होतं का गं, नाही म्हणता येतं ते?"

"आई, तिच्या कामातलं तुला काय कळतं?"

"मला नाही कळत. म्हणून विचारलं."

मी म्हटलं, फॉर्मवर सगळं लिहिलेलं असतं. त्या म्हणाल्या, "हो, पण तूच म्हणालीस की त्याच्याकडे चष्मा नव्हता." मग उठून हात धुवायला गेल्या. ही बाई वकील व्हायची ती चुकून सासू झाली.

३१ जानेवारी

काकांनी तक्रार केली. आमच्या कंपनीकडेच नाही, सरकारी प्रवासी तक्रार कक्षाकडेही. लिहिलंय म्हणे मुद्देसूद. मला उगाच वाटत होतं की हा माणूस लिहिणारा नाही.

फूटपट्टीने माझ्यापुढे जबाब ठेवला. टाइप करूनच आणला होता. 'प्रवाशास फॉर्ममधील सर्व मजकूर वाचून दाखवण्यात आला. प्रवाशाने तो समजून घेऊन स्वेच्छेने सही केली.' खाली माझं नाव आणि मोकळी जागा.

मी म्हटलं, "सर, सगळा मजकूर म्हणजे..."

"म्हणजे सगळा. तुम्ही वाचलात ना?"

"वाचला."

"मग झालं तर. मी त्या वेळी तिथे नव्हतोच, त्यामुळे मी काही लिहू शकत नाही. तुम्हीच एकट्या होतात."

तो माझ्या कानाशी उभा होता. पण त्या क्षणी मला खरंच वाटलं की बहुधा नसेल. पुढचे प्रवासी सुरक्षा तपासणीतून यायला लागले होते आणि बाहेर माझी सोबतीण एकटी होती. मी सही केली.

१४ फेब्रुवारी

तक्रार कक्षाने निकाल दिला: कर्मचाऱ्याच्या लेखी जबाबावरून प्रवाशाने जागा स्वेच्छेने सोडली हे सिद्ध होते. कंपनीने सद्भावना म्हणून काकांना आणखी एक फुकट तिकिटाचं कूपन पाठवलं. त्यांनी ते परत पाठवलं, बरोबर चिठ्ठी: 'मला प्रवास नको, कागद हवा.' ऑफिसात ती चिठ्ठी हातोहात फिरली. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला कागद द्या, झेरॉक्सचा कोरा द्या. सगळे हसले. मीही हसले. न हसून काय करणार होते? सगळ्यांच्या आधी माझ्याचकडे बघितलं असतं.

पण घरी येताना बसमध्ये रडू आलं. का ते मला नीट सांगता येणार नाही. पाळी जवळ आली आहे, कदाचित त्यामुळे.

२१ फेब्रुवारी

आजचं लिहू नये असं वाटतं.

सव्वादहाला काका आले. या वेळी रांगेत थांबले नाहीत. फोन कानाला धरून सरळ माझ्या काउंटरशी आले आणि फोन पुढे केला. "लाइनवर आहे. जहाज आज एका बंदरात आहे, नेटवर्क मिळालंय. तुम्ही फक्त तिला सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की तिला पटेल."

मी म्हटलं, "काका, आत्ता नाही."

"दोनच शब्द, ताई."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून इंजिनासारखी घरघर आणि मग बाईचा आवाज, "हॅलो? कोण बोलतंय?" आवाज माझ्यापेक्षा लहान मुलीचा होता. रांगेत तीस माणसं. फूटपट्टी माझ्या उजव्या हाताला, दोन पावलांवर, यादी बघत असल्यासारखा उभा. यादी उलटी धरली होती त्याने.

"मॅडम, माझे वडील म्हणतात, त्यांना जबरदस्तीने उतरवलं. खरं आहे का?"

मी काय म्हणाले ते लिहिते. मी म्हणाले, "आमच्या नोंदीप्रमाणे प्रवाशाने जागा स्वेच्छेने सोडलेली आहे. अधिक माहितीसाठी कृपया चौकशी कक्षाशी संपर्क साधा."

हे वाक्य मला पाठ आहे. ते आपोआप येतं. घोषणेचा आवाजही आपोआप येतो, गोड आणि जरा नाकातला.

पलीकडे घरघर चालू राहिली. मग ती म्हणाली, "बाबा, आता पुरे करा." फोन बंद झाला.

काकांनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला, एकदा काढला, परत ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, ओरडणाऱ्याचं काय करायचं ते मला शिकवलंय. ते म्हणाले, "बरं. तुमची रांग खोळंबली." आणि गेले.

फूटपट्टी म्हणाला, "शाब्बास."

१ मार्च

कायम झाले. हातात पत्र आलं, आतमध्ये सहा महिने प्रोबेशन असं बारीक अक्षरात आहे, पण ते सगळ्यांनाच असतं. नवऱ्याने केक आणला. शेजारच्या वहिनींना बोलावलं, त्यांच्या मुलांनी निम्मा केक खाली सांडला. सासूबाईंनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सात वर्षं पाय तुटेस्तोवर उभी राहिलीस, तुझ्या कष्टाचं आहे." मग थोड्या वेळाने, "त्या मशीनवाल्याचं काय झालं गं?"

मी म्हटलं, मिटलं ते.

"कसं मिटलं?"

"निकाल लागला."

"मिटणं वेगळं, निकाल वेगळा," म्हणाल्या. वर आणखी, "बोलणाऱ्याची बोरं विकतात, त्या बिचाऱ्याला बोलता येत नसेल." मी त्यांना केकचा दुसरा तुकडा दिला.

४ मार्च

तीन दिवस ही वही उघडून बंद करते आहे. नऊ जानेवारीच्या पानावर मी 'फॉर्म वाचून दाखवला' असं लिहिलंय. ते पान वाचलं की पुढे काही लिहवत नाही. तेव्हा लिहून टाकते. ही माझी वही आहे, इथे कोणी जबाब मागत नाही.

पिवळ्या फॉर्मवर पहिली ओळ अशी आहे: 'मी, खाली सही करणार, कोणत्याही दबावाशिवाय, स्वेच्छेने माझी जागा सोडत आहे व नकार देण्याचा माझा हक्क मला समजावून सांगण्यात आला आहे.' ती ओळ मी वाचली नाही. दुसऱ्या ओळीपासून वाचलं: विमानात जागा शिल्लक नसल्याने प्रवासी उद्याच्या विमानाने जाईल, राहण्याची सोय कंपनी करेल. एवढं वाचून बोट सहीच्या जागेवर ठेवलं.

ते म्हणाले, "पण ताई, जहाज आज रात्री आठला सुटतं. उद्या जाऊन काय करू?"

मी म्हटलं, "काका, विमान भरलंय, मी काय करणार?"

"मी सही नाही केली तर?"

मी म्हटलं, "मग उद्याचंही तिकीट जाईल."

हे खोटं होतं. सही केली नसती तर पांढरा फॉर्म झाला असता, आणि पांढरा झाला की जे पहिलं विमान मिळेल त्यात, दुसऱ्या कंपनीचं का असेना, त्यांना बसवणं आमच्यावर बंधनकारक होतं. नऊ वाजता दुसऱ्या कंपनीचं विमान होतं. त्यात जागा होत्या, माझ्या पडद्यावर मला दिसत होत्या, अकरा का बारा. ते साडेअकराला पोचले असते. बंदर तिथून अर्ध्या तासावर.

त्यांनी सही करताना विचारलं, "इथेच ना?" मी म्हटलं, "हो, इथेच."

झालं लिहून. मला वाटलं होतं लिहिल्यावर झोप लागेल.

९ मार्च

आज सुट्टी. नवरा बाहेर गेल्यावर पत्र लिहिलं. काकांचा पत्ता तक्रारीच्या फाइलमधून घेतला होता. वर सगळं लिहिलंय ते सगळं लिहिलं, पहिली ओळ वाचली नाही, तिकीट जाईल म्हणून खोटं सांगितलं, नऊचं विमान होतं, एकही गोष्ट गाळली नाही. 'आपण आपण होऊन जागा सोडली नाही, आपल्याकडून फसवून सही घेण्यात आली.' हे वाक्य लिहायचं शेवटपर्यंत टाळत होते, पण लिहिलं. तीनदा उतरवून काढलं, खाडाखोड राहू दिली नाही.

खाली नाव घातलं नाही. नाव घालून कोणाचं भलं होणार आहे? मजकूर खरा आहे ना? खरं ते खरं, मग ते कोणीही लिहिलेलं असो. 'एक कर्मचारी' असं लिहिलं.

पेटीत टाकलं. येताना दुधाची पिशवी घेतली. फार दिवसांनी भूक लागली.

२६ मार्च

कर्मचाऱ्यांची बस सुटते त्या फाटकाशी बाकावर काका बसले होते. मी दिसल्यावर उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं.

"हे तुमचंच ना, ताई?"

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. "हो," म्हटलं.

"वाटलंच मला. फार उपकार झाले." मग म्हणाले, "मी याचा फोटो काढून तिला पाठवला. ती म्हणते, खाली नाव नाही, गाव नाही. असं पत्र कोणीही लिहून देईल. म्हणते, बाबा, तुम्ही आता दुसऱ्यांकडून खोटी पत्रंही लिहून घ्यायला लागलात."

मला त्या मुलीचा रागच आला. एवढं खरं लिहिलेलं असताना.

"तीन तारखेला जहाज परत त्याच बंदराला लागतंय," काका म्हणाले. "बारा ते आठच. त्यानंतर ती लांबच्या फेरीवर जाणार, दीड-दोन वर्षं. ती म्हणाली नाही या म्हणून. पण येऊ नका असंही म्हणाली नाही. मी या वेळी आगगाडीने जातोय, दोन तारखेला सकाळी निघणार. तुम्ही यावर फक्त नाव घाला. हातात कागद असला की मला फाटकाशी उभं राहता येईल."

त्यांनी पेन पुढे केलं. टोपण काढलेलंच होतं.

मी म्हटलं, "इथे नको. घरी नीट बसून सही करते, पद आणि कर्मचारी क्रमांकही घालते, म्हणजे तिला शंका राहणार नाही. परवा याच वेळेला इथे आणून देते."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी पत्र पिशवीसकट माझ्या हातात दिलं. पिशवीचं तोंड दोन बोटांनी दाबून नीट बंद केलं आणि मग दिलं. बस आली म्हणून मी चढले. खिडकीतून बघितलं तर ते पेनला टोपण लावत होते.

२७ मार्च

नवऱ्याला सांगितलं. सगळं नाही, सहीपुरतं. तो इस्त्री करत होता. म्हणाला, "प्रोबेशन कधी संपतं?"

"एक सप्टेंबरला."

"तक्रार कक्षात तुझा सही केलेला जबाब आहे. त्याच्या उलट सही केलेलं पत्र बाहेर गेलं तर प्रोबेशनच काय, तुझ्यावर केस होईल." मग बराच वेळ त्याने कॉलरवरच इस्त्री फिरवली. "माझं ऐकायलाच पाहिजे असं नाही," म्हणाला.

त्याने कर किंवा करू नकोस, यातलं काहीतरी एक म्हणायला हवं होतं. घरात सगळे शहाणे आणि निर्णय मात्र माझ्या गळ्यात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

२८ मार्च

आज डोकं दुखत होतं. सुट्टी टाकली. अशा डोक्याने सही केली तर अक्षरही धड येत नाही.

३० मार्च

सोबतिणीकडून पाळी बदलून घेतली, दुपारची. दुपारच्या पाळीची बस मागच्या फाटकातून सुटते. पाळी मी त्यासाठी नाही बदलली, सकाळची उठायची दगदग फार होते.

सोबतीण म्हणाली, "पुढच्या फाटकाशी एक म्हातारा रोज बसलेला असतो, तुझी चौकशी करत होता. तुझे कोणी आहेत का?"

मी म्हटलं, लांबचे.

१ एप्रिल

पत्र आणि पेन घेऊन टेबलाशी बसले. सासूबाई समोर शेंगा सोलत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, मध्येच उठून दिवा लावला, माझ्या बाजूचा. मी पत्र पुन्हा वाचून काढलं. चांगलं लिहिलंय. मग वाटलं, सही केली तरी आता देणार कसं? ते सकाळी निघणार. त्यांचा पत्ता आहे माझ्याकडे, घर बसने चाळीस मिनिटं, पण रात्रीचं कोणाच्या दारात जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

कपाटात ठेवलं, कुलपात. असल्या गोष्टी इकडेतिकडे पडू देऊ नयेत.

२ एप्रिल

आज ते निघाले असतील, किंवा नसतीलही. माझ्या कागदाशिवाय कदाचित गेले नसतील.

जाऊन तरी काय, मुलगी आहे शेवटी, बापाला समोर बघून विरघळेल. मी उगाच जिवाला लावून घेते. माझा स्वभावच तसा आहे, दुसऱ्याचं दुःख मला बघवत नाही.

३ एप्रिल

जहाज बाराला लागलं असेल. दिवसभर काउंटरवर घड्याळाकडे लक्ष होतं. एका प्रवाशाला चुकीच्या दाराकडे पाठवलं, तो परत येऊन ओरडला. मी माफी मागितली, खिडकीची जागा दिली.

घरी यायला आठ वाजून गेले. हातपाय धुतले. कपाट उघडलं, पत्र काढलं आणि खाली सही केली. पूर्ण नाव, पद, कर्मचारी क्रमांक, तारीख. मग घडी घालून पिशवीत ठेवलं, पिशवीचं तोंड दाबून बंद केलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

मन जरा हलकं झालं.